आठवीतल्या एकोणीस

भिगवणला महामार्गाच्या कडेला फ्लेक्स लागला होता. ‘इयत्ता दहावी, मार्च १९७५, भव्य स्नेहमेळावा.’ खाली गोल गोल फोटो. फेटे, जाकिटं, एक खाकी टोपी, दोन-चार गॉगल. सगळ्यांत खालच्या ओळीत सात गोल होते. त्यांतल्या दोनांत बायका दिसत होत्या, उरलेल्या पाचांत गुलाबाचं फूल. फुलाखाली नाव, नावामागे ‘सौ.’ नाहीतर ‘श्रीमती’. बाईचा फोटो हाताशी नसला की गुलाब टाकून मोकळं व्हायचं, हा आमच्याकडच्या फ्लेक्सवाल्यांचा ठरलेला तोडगा. बाप्याचा फोटो नसला तर तो मिळेपर्यंत फोन होतात.

बारामती-इंदापूर भागात दिवाळी सरली की मेपर्यंत असे मेळावे सुरूच असतात. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या वर्गातल्या, लग्न होऊन कुठे कुठे गेलेल्या सात बायकांचा पत्ता लावायचा, हे काही फ्लेक्सवाल्याचं काम नव्हे. ते कुणी केलं असेल, या कुतूहलापोटी मी विचारत गेले. इंदापुरात एका गल्लीतल्या पहिल्या मजल्यावर ताई भेटल्या.

ताई याच वर्गातल्या, अंगणवाडीच्या निवृत्त मुख्यसेविका. नाव छापू नका म्हणाल्या, शाळेचंही नको. ‘उगं कुणाच्या घरात काय चालू असंल.’ त्यांच्याकडे दोनशे पानी वही आहे आणि बोलण्यात एकच आकडा आहे. फ्लेक्सवर सात मुली आहेत, असं मी म्हटलं, तर त्या लगेच म्हणाल्या, ‘एकोणीस.’

हा एकोणीसचा हिशेब समजून घ्यायला १९७५च्या मागं जावं लागतं. त्या मार्चला महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी आणि जुन्या पद्धतीची अकरावी एकाच वेळी परीक्षेला बसली. त्यामुळे पंच्याहत्तरची मंडळी अजूनही ‘आमची दहावीची पहिली बॅच’ असं जरा छाती काढून सांगतात. ही पहिली बॅच आठवीत आली ती जून १९७२ मध्ये. बहात्तर म्हटल्यावर इंदापूर तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. पाऊस आला नाही. दुष्काळी कामं निघाली, खडी फोडायला आणि बांध घालायला घरंच्या घरं गेली, कामावर सुकडी वाटली गेली. आठवीच्या वर्गात तेव्हा एकोणीस मुली होत्या. दहावीच्या परीक्षेला बसल्या सात.

मेळाव्याच्या समितीच्या लेखी बॅच म्हणजे दहावीला बसलेले. ताईंच्या लेखी बॅच म्हणजे आठवीत एका चटईवर बसलेले. अख्खं भांडण या एका मुद्द्यावर आहे, आणि मी ताईंच्या बाजूची आहे हे आधीच सांगून टाकते.

एकोणीस हा आकडा त्यांनी आठवणीतून काढलेला नाही. त्या मला शाळेत घेऊन गेल्या. मुख्याध्यापकांना अर्ज दिला, त्यांनी लेखनिकाला खूण केली, कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास इतक्या जोरानं आला की लेखनिकानं तोंडावर रुमाल धरला. ताई मात्र आत वाकल्या. जनरल रजिस्टर कापडी बांधणीचं, पुठ्ठा सुटलेला, मागच्या काही पानांवर ओलीचे तपकिरी डाग. हे रजिस्टर जुन्या गावातून नव्या गावात आलेलं आहे. जुनं गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं.

रकाने तेच, तेव्हा कुठल्याही शाळेत असायचे ते: अनुक्रमांक, विद्यार्थ्याचं संपूर्ण नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण. आईच्या नावाला रकानाच नाही. ताईंचं बोट मात्र थेट शेवटच्या दोन रकान्यांवर जातं. १९७२चा दिवाळीनंतरचा काळ, १९७३चा जानेवारी, फेब्रुवारी. कारण एकाच वळणदार अक्षरात, एकाखाली एक: सतत गैरहजर. सतत गैरहजर. सतत गैरहजर. एका ठिकाणी ‘पालकांनी काढले’. वर्तणूक सगळ्यांची चांगली.

‘ही खडीवर होती,’ ताई बोट न उचलता म्हणाल्या. ‘ही पण. हिचं लगीन लावलं, म्हंजे खाणारं तोंड कमी. ही हुशार होती, माझ्यापेक्षा. गणितात.’

लेखनिकाला जेवायला जायचं होतं. ताईंनी पान बंद केलं नाही.

आता शोधायचं कसं? पुरुषाचं सोपं आहे. नाव तेच, आडनाव तेच, गाव नाहीतर भाऊबंदकी तीच. कुणी पिंपरीत कंपनीत गेला असला तरी बांधावरचं भांडण त्याला धरून ठेवतं. मुलीचं आडनाव बदलतं, बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येतं, आणि त्या काळी लग्नात पाळण्यातलं नावही बदलून टाकायची हौस होती. रजिस्टरातली हौसा सासरी सुनंदा होऊन बसलेली असते. मग शोधायचं कुणाला?

ताईंची पहिली वाट भावाची. भाऊबीजेच्या आसपास त्या फोन लावतात, कारण त्या दोन दिवसांत बहीण एक तर भावाच्या घरात असते नाहीतर भाऊ तिच्या घरी असतो. पण इथं भाऊही हललेले. उजनी धरण पुरं झालं १९८० साली, गावं त्याआधीच उठू लागली होती. एकशे सतरा टीएमसीचं धरण, सोलापूरला आणि उसाला पाणी देणारं, त्याच्या बाजूनं बोलणारे पुष्कळ आहेत आणि खोटं बोलत नाहीत. पण पारावर बसून ‘अमक्याची थोरली कुठं दिली हो’ असं विचारायला पारच उरला नाही. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ दुष्काळी उन्हाळ्यात पाण्याबाहेर येतं, तेव्हा बघायला मोटारी लागतात. माणसं अशी वर येत नाहीत.

त्यातही नदीपलीकडं दिलेल्या मुली. भीमा आडवी असली तरी करमाळ्याकडची गावं पूर्वी होडीच्या अंतरावर होती, सकाळी निघून संध्याकाळी परत. धरण भरल्यावर नदीचा समुद्र झाला आणि तेच सासर फेरा मारून गाठायचं ठिकाण झालं. अजूनही लोक लाँचनं ये-जा करतात. मे २०२४ मध्ये कळाशी आणि कुगावच्या मध्ये बोट उलटून सहा जण बुडाले, तेव्हा ही वाहतूक पुण्या-मुंबईच्या लोकांना कळली. एकोणीसपैकी पाच जणी पलीकडच्या तीरावर दिलेल्या. माहेरचं गाव पाण्यात आणि सासर पाण्यापल्याड.

दुसरी वाट लग्नपत्रिकांची. हे मी पहिल्यांदाच पाहिलं. ताईंच्या पलंगाखाली पत्र्याची पेटी आहे, ती पत्रिकांनी भरलेली. ओळखीपाळखीत कुणाकडेही पत्रिका आली की लग्न झाल्यावर ती ताईंकडे येते. त्या वधूवरांची नावं वाचतच नाहीत. खाली बारीक टायपात ‘मामा’ म्हणून जी नावं छापतात, तिथून सुरुवात. मामाचं आडनाव म्हणजे नवऱ्या मुलाच्या आईचं माहेर. चष्मा कपाळावर सरकवून, पत्रिका डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून त्यांनी मला एक दाखवली. टेंभुर्णीकडचं लग्न. मामांच्या रांगेत तीन भाऊ, आडनाव रजिस्टरातल्या एका मुलीचं, आणि कंसात नव्या गावठाणाचं नाव. वहीत लगेच नोंद: ‘मोठ्या भावाचा नंबर मंडपवाल्याकडून.’

तिसरी वाट आषाढात येते. तुकोबांची पालखी बारामतीहून पुढे बेलवाडीला येते, तिथं गोल रिंगण होतं, मग निमगाव केतकी, इंदापूर. आसपासच्या गावांतल्या बायका दर्शनाला येतात, माहेरवाशिणीही त्यानिमित्तानं येतात. ताई रिंगण बघायला जातात आणि रिंगण सोडून सगळं बघतात. ‘साठीच्या पुढची बाई दिसली की इचारायचं, माहेर कुठलं. बाया सांगत्यात. माहेर इचारलं की कुणी नाही म्हणत नाही.’

फोनवरचं काम अवघड. माझ्यासमोर त्यांनी एक नंबर लावला. मुलानं उचलला.

‘कोण बोलतंय?’

‘आईची मैत्रीण. शाळेतली.’

‘आई शाळेत गेलेली नाही. कोण पाहिजे तुम्हाला?’ आवाज चढला होता. हल्ली अनोळखी फोन म्हणजे बँक खातं साफ करणारा, हे त्या पोरानं ऐकलेलं असणार. त्याचंही चुकलं नाही.

ताई शांत. ‘तुझ्या मामाचं मूळ गाव कुठलं रे बाळा? धरणात गेलेलं?’

पलीकडं काही क्षण टीव्हीचा आवाज, मग फोन हातातून हातात गेल्याची खरखर. मग बाईचा आवाज, सावध. ताईंनी स्वतःचं माहेरचं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. सासरचं सांगितलंच नाही.

‘अगं बया,’ पलीकडून आलं. मग बराच वेळ दोघी एकदमच बोलत होत्या. मला कळलं ते शेवटचं. ‘मला कशापायी बोलावतीस? म्या तर आठवीच. ती बी अर्धी.’

‘अर्धी तर अर्धी. चटई एकच हुती ना गं?’

हे ‘म्या तर आठवीच’ त्यांना जवळजवळ प्रत्येकीकडून ऐकावं लागतं. आणि मुलाला आपली आई शाळेत गेली होती हे ठाऊक नसणं, तेही या एकाच घरात घडलेलं नाही.

बारामतीत माजी विद्यार्थी जमवणं वेगळ्या थाटात चालतं. तिथल्या महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीच्या शाळेनं शंभरी ओलांडली आहे. शरद पवार त्या शाळेचे विद्यार्थी, त्यामुळे माजी विद्यार्थी म्हटलं की पहिलं नाव कुणाचं हा प्रश्नच येत नाही. मूळ संस्था १८६०ची. वामन प्रभाकर भावे, वासुदेव बळवंत फडके आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांनी ती पुण्यात काढली. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२चं. विद्या प्रतिष्ठान १९७२चं, म्हणजे इकडं रजिस्टरात ‘सतत गैरहजर’ लिहिलं जात होतं त्याच साली तिकडं एक शिक्षणसंस्था उभी राहत होती. महाविद्यालयांना माजी विद्यार्थ्यांची गरजही असते. ‘नॅक’च्या मूल्यांकनात त्यांच्या सहभागाचा स्वतंत्र भाग आहे, तेव्हा संघ नोंदवायचा, सभा घ्यायची, देणग्यांचा हिशेब ठेवायचा. शाळांना वॉटर फिल्टर हवा असतो, प्रोजेक्टर हवा असतो. त्यात वाईट काही नाही. फक्त यादी देणाऱ्यांच्या दिशेनं झुकत जाते. जो बाक देऊ शकतो तो आधी सापडतो.

समितीच्या बैठकीलाही मी गेले. भिगवणला, अर्थातच मच्छीच्या हॉटेलात. चिलापी तळून येईपर्यंत जागा, तारीख आणि मंडप ठरलं. चिलापी आल्यावर वर्गणी ठरली. ताईंनी मासे खाल्ले नाहीत, गुरुवार होता. त्यांनी वही उघडली आणि म्हणाल्या, ‘मुली एकोणीस.’

‘ताई, बॅच दहावीची आहे,’ अध्यक्ष म्हणाले. निवृत्त अधिकारी, माणूस सज्जन, बिल त्यांनीच दिलं. ‘उद्या आठवीतले सगळे म्हटलं तर पोरंही वाढतील. किती सोडून गेलेत बहात्तरला.’

‘वाढू द्या की.’

यावर कुणाला उत्तर सुचलं नाही. मग एकानं वर्गणीचा मुद्दा काढला: आठवीवाल्यांकडून पूर्ण घ्यायची की अर्धी? एक जण हसला. ताई हसल्या नाहीत. एसटीत बायकांना अर्धं तिकीट २०२३पासून आहे, भाड्याचा प्रश्न नाही, प्रश्न परतीच्या गाडीचा आहे, एवढं त्यांनी सांगितलं. पाचनंतर पलीकडं जायला गाडी नाही, म्हणून जेवण बाराला वाढायचं, भाषणं जेवणानंतर. सत्काराला सहा जण आहेत, असं अध्यक्षांनी सुचवून पाहिलं. ‘मग त्ये तुम्ही बाप्ये बाप्ये ऐका,’ ताई म्हणाल्या. जेवण बाराला ठरलं. एकोणीसचं ठरलं नाही, पण ग्रुपवर घ्यायला हरकत नाही इथवर गाडी आली.

ग्रुपचंही एक आहेच. व्हॉट्सअ‍ॅपवर हजारभर माणसं मावतात, आणि बॅचच्या ग्रुपवर रोज दिसतात ती सुप्रभातची सूर्यफुलं, सांधेदुखीचे उपाय आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी एक भावपूर्ण श्रद्धांजली. ताईंनी शोधलेल्या बायकांपैकी बहुतेकींकडे स्वतःचा स्मार्टफोन नाही, नंबर सुनेचा नाहीतर नातवाचा. म्हणजे ग्रुपवर येणार नातू. ताई त्यांना अजूनही साधा फोनच लावतात, दुपारी दोन ते चार, घरातली गडीमाणसं रानात असताना.

वहीतला ताळेबंद असा. दहावीच्या सात सापडलेल्या. उरलेल्या बारांपैकी सहा सापडल्या, दोघी गेल्या, चौघी राहिल्या. चौघींपैकी एकीच्या नावापुढे फक्त ‘जेऊर?’ एवढंच लिहिलेलं आहे. ती गणितातली.

मी निघाले तेव्हा ताई जिन्यापर्यंत आल्या. ‘तुम्ही लिहिणाऱ्या, हिंडणाऱ्या. जेऊरला कुणी वळखीचं हाय का?’

माझ्या मावसबहिणीचे दीर जेऊर स्टेशनजवळ खताचं दुकान चालवतात. नंबर दिला. त्यांनी तिथंच जिन्यात, कठड्यावर वही टेकवून लिहून घेतला आणि विचारलं, ‘दुपारी दुकानात असत्यात का?’