कॉफीच्या पेल्यात उष्मांक किती?

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षा संपल्यावर तुम्ही तिघे मित्र कॉफीच्या दुकानात गेलात, अशी कल्पना करा. एकाने बिनसाखरेची काळी कॉफी मागवली, दुसऱ्याने कॅपुचिनो आणि तुम्ही आइस्क्रीम व फेटलेले क्रीम घातलेली कोल्ड कॉफी. तिघांनीही घेतली ती कॉफीच. पण पहिल्याच्या पेल्यात जेमतेम २ उष्मांक, तर तुमच्या पेल्यात पावणेपाचशे! एवढा फरक कसा पडला?

प्रथम उष्मांक म्हणजे काय ते पाहू. १ किलोग्रॅम पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढविण्यास लागणारी उष्णता म्हणजे १ किलोकॅलरी. आहारशास्त्रात उष्मांक म्हणतात तो हाच. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील कॅलरी याच्या हजाराव्या हिश्शाइतकी लहान असते. दोहोंची गल्लत करू नका. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या प्रयोगांतून आजही वापरले जाणारे आकडे मिळाले. १ ग्रॅम कर्बोदकांपासून ४, १ ग्रॅम प्रथिनांपासून ४ आणि १ ग्रॅम स्निग्ध पदार्थांपासून ९ उष्मांक मिळतात. हे तीन आकडे पाठ असले की कोणत्याही पेल्याचा हिशेब मांडता येतो.

कॉफीच्या बियांत स्निग्ध पदार्थ आणि कर्बोदके असतात खरी. पण त्यांतील बहुतेक भाग चोथ्याबरोबर गाळणीतच राहतो. पाण्यात उतरतात ते मुख्यतः रंग, वास, कडवटपणा आणि कॅफीन. म्हणून काळ्या कॉफीत उष्मांक नसल्यासारखेच. ते येतात आपण तिच्यात जे मिसळतो त्यातून.

आता तुमच्या कोल्ड कॉफीचा हिशेब मांडू. आकडे अर्थातच ढोबळ आहेत.

मलईयुक्त दूध, २०० मिलिलिटर – १७५
साखर, ४ चमचे (२० ग्रॅम) – ८०
आइस्क्रीम, एक गोळा – १२०
चॉकलेटचा पाक – ४०
फेटलेले क्रीम – ६०
एकूण – ४७५

मित्राच्या कॅपुचिनोत १२० मिलिलिटर टोन्ड दुधाचे ७० आणि एक चमचा साखरेचे २०, असे सुमारे ९० उष्मांक आहेत. फरक ३८५ चा. ५० किलो वजनाच्या मुलाला मध्यम गतीने तासभर चालण्यास साधारण १७५ उष्मांक लागतात. म्हणजे हा फरक भरून काढायचा तर दोन तासांहून अधिक पायपीट हवी! शिवाय, द्रवरूपात घेतलेल्या उष्मांकांनी पोट भरल्याची जाणीव कमी होते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. ४७५ उष्मांकांचा नाश्ता केला तर पुढच्या जेवणात आपण आपोआप थोडे कमी खातो. पेला रिकामा केल्यावर मात्र बहुधा तेवढेच जेवतो. कधीमधी घेतलेल्या पेल्याने काही बिघडत नाही; रोजच्या सवयीने मात्र हे उष्मांक शरीरात चरबीच्या रूपाने साठू लागतात.

थंड कॉफीला साखर जास्त का लागते, हेही समजून घेण्यासारखे आहे. जिभेची गोडी ओळखण्याची शक्ती थंडीने मंदावते. वितळलेले आइस्क्रीम चाखून पाहा. गोठलेल्यापेक्षा ते कितीतरी गोड लागते. साखर तेवढीच असते, फक्त जीभ आता तिला नीट ओळखते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या शिफारशीनुसार वरून घातलेल्या साखरेपासून मिळणारे उष्मांक दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावेत. २,००० उष्मांकांच्या आहारात ही मर्यादा ५० ग्रॅम, म्हणजे १० चमचे होते. तुमच्या पेल्यात ४ चमचे तर दिसणारीच साखर होती. आइस्क्रीम आणि पाकातली निराळीच.

मग काय, कॉफीच्या दुकानात जायचेच नाही? तसे मुळीच नाही. पेल्यातील पुष्कळसा आनंद फुकटचा असतो. कॉफीच्या सुगंधाला उष्मांक नाहीत, बर्फाला नाहीत आणि फेसालाही फार नाहीत. दुधात वाफ सोडली की हवेचे बुडबुडे तयार होतात. दुधातील प्रथिने त्यांच्याभोवती पातळ पापुद्रा धरतात आणि थोडे दूध पेलाभर दिसू लागते. दाक्षिणात्य उपाहारगृहात पेल्यातून वाटीत उंचावरून ओतलेल्या कॉफीचा फेस हीच करामत असते. दालचिनीची चिमूटभर पूडही बेहिशेबी.

आता तुमच्या कोल्ड कॉफीत थोडा बदल करू. मलईयुक्त दुधाऐवजी टोन्ड दूध घ्या. ६० उष्मांक वाचले. क्रीम नको म्हणा, आणखी ६०. साखर निम्मी करा, ४०. पाक वगळा, आणखी ४०. आइस्क्रीमचा गोळा मात्र राहू द्या! पेला २७५ वर आला आणि मजा गेली नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. उष्मांक हे काही विष नव्हे. वाढत्या वयात ते भरपूर लागतात. दुधातील प्रथिने आणि कॅल्शियमही हवेतच. तेव्हा हिशेबाच्या भीतीने जेवण टाळू नका. आणि जे या हिशेबात दिसत नाही त्याचाही विचार करा: कॅफीनला उष्मांक नाहीत, पण संध्याकाळी घेतलेले कॅफीन रात्रीची झोप उडवते.

आपल्या देशात २०२० सालच्या नियमांनुसार १० किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी पदार्थांच्या यादीवर एका वेळचे माप आणि त्यातील उष्मांक द्यावयाचे असतात. पुढच्या वेळी यादी हाती आली की उजवीकडच्या किमतीबरोबर हाही आकडा वाचा.

तोपर्यंत घरी एक प्रयोग करा. दोन पेल्यांत सारखीच कॉफी आणि सारखीच साखर घाला. एक पेला कोमट ठेवा, दुसरा बर्फात गार करा. पण बर्फ कॉफीत पडू देऊ नका. मग डोळे मिटून दोन्ही चाखा. कोणती अधिक गोड लागली? आणि कोमट कॉफीतील साखर किती कमी केली असता दोन्ही सारख्या गोड लागतात? उत्तर चमच्यांत लिहून ठेवा आणि त्याला २० ने गुणा.