उसनी आणलेली गाणी

घरात चौदा-पंधरा वर्षांचे मूल असेल, तर ‘ॲनिमे’ म्हणजे काय हे आता समजावून सांगावे लागत नाही. मकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ 2019 मध्ये भारतातल्या चित्रपटगृहांत लागला, तो इथल्या चाहत्यांनी सह्यांची मोहीम चालवल्यानंतर. मात्र शेजारच्या खोलीत बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या कानांवर पडतात ती दणदणीत शीर्षकगीतेच. भाग संपताना येणारे संथ, हळवे गाणे ‘पुढचा भाग’ हे बटण दाबले की तिथेच तुटते. मला बोलायचे आहे ते या तुटणाऱ्या गाण्यांबद्दल. त्यातही अशा गाण्यांबद्दल, जी ॲनिमेसाठी लिहिलेलीच नव्हती, आधीपासून लोकांच्या ओठांवर होती आणि मग एखाद्या कथेने उसनी आणली.

आधी बाजाराचे बोलून घेऊ. ॲनिमे मालिका सहसा एकट्या स्टुडिओच्या पैशावर उभी राहत नाही. प्रकाशक, वाहिनी, खेळणी विकणारे असे अनेक जण मिळून ‘निर्मिती समिती’ बनवतात आणि तिच्यात ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनीही अनेकदा असते. मालिकेने गाणे खपवायचे, गाण्याने मालिका. या व्यवहाराला जपानीत ‘ताइआप्पु’ म्हणतात. गाण्याला जागा मिळते साधारण दीड मिनिटाची. तेव्हा हा सारा मामला निखळ कलाप्रेमाचा आहे, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. पण व्यवहारातून आलेले गाणे कथेत मुरते का, हा प्रश्न उरतोच.

या गाण्यांची घडण आपल्या कानाला थोडी परकी आहे. आपले भावगीत बहुधा मुखड्यापासून सुरू होते आणि प्रत्येक अंतऱ्यानंतर तिथेच परतते. जपानी गाण्यात सहसा आधी एक संथ कडवे (‘ए-मेरो’), मग चाल बदलून चढत जाणारा जोडभाग (‘बी-मेरो’) आणि त्यानंतर कुठे ‘साबी’, म्हणजे ध्रुवपद. ऐकणाऱ्याला थांबायला लावून मग हवी ती ओळ हाती द्यायची, असा हा हिशोब. भाषाही त्याला साथ देते. जपानी उच्चार मात्रांच्या मापाने चालतो: ‘तोक्यो’ हा शब्द त्यांच्या लेखी तो-ओ-क्यो-ओ असा चार मात्रांचा. बहुतेक अक्षरे स्वरान्त असल्यामुळे लांबवलेला सूर मोकळा राहतो आणि एका मात्रेला एक सूर या जुन्या सवयीने गाणे समान पावलांनी चालत जाते. शिरीष पै यांच्यामुळे हायकू वाचलेल्या आणि मात्रावृत्ते कानात असलेल्या मराठी वाचकाला ही मोजणी अवघड वाटू नये.

आता उसनवारी. युमी आराई (पुढे युमी मात्सुतोया) यांचे ‘हिकोकिगुमो’ 1973 चे. विमानामागे आकाशात उमटणारी ढगाची रेघ, असा त्या शब्दाचा अर्थ. बालपणीच्या एका वर्गमित्राच्या अकाली मृत्यूतून ते सुचले. चाळीस वर्षांनी, 2013 मध्ये, हायाओ मियाझाकी यांनी ते ‘द विंड रायझेस’च्या शेवटी ठेवले. नायक लढाऊ विमानांचा आराखडा करणारा, त्याची पत्नी क्षयाने खंगलेली. एका मुलासाठी रचलेले गाणे इथे विमानांचेही होते आणि त्या पत्नीचेही.

मासायोशी यामाझाकी यांचे ‘वन मोअर टाइम, वन मोअर चान्स’ 1997 चे. त्याआधी ते एका साध्या, नटनट्यांच्या चित्रपटाचे गीत होते आणि त्यात यामाझाकींनी कामही केले होते. दुरावलेल्या प्रिय व्यक्तीला माणूस रोजच्या रस्त्यांवर, फलाटांवर शोधत राहतो, एवढाच त्याचा विषय. शिंकाई यांनी 2007 च्या ‘फाइव्ह सेंटिमीटर्स पर सेकंद’मध्ये ते शेवटाला वापरले आणि तिथे संवाद जवळजवळ थांबवून चित्रे गाण्याच्या हवाली केली. चित्रपटाच्या नावातला वेग चेरीच्या पाकळ्या गळण्याचा आहे. गाण्यात योकोहामातल्या साकुरागिचोचा उल्लेख येतो आणि ‘साकुरा’ म्हणजे चेरी. हा योगायोग असेलही. मला तो फार आवडतो.

पण सर्वांत विलक्षण गोष्ट ‘सीक्रेट बेस’ची. ऑगस्ट 2001 मध्ये ‘झोन’ या साप्पोरोच्या किशोरवयीन मुलींच्या गटाने ते आणले. उन्हाळा संपताना दोघे निरोप घेतात आणि दहा वर्षांनी, ऑगस्टातच, पुन्हा भेट होईल असा विश्वास बाळगतात. गट 2005 मध्ये विसर्जित झाला. 2011 मध्ये ‘आनोहाना’ ही अकरा भागांची मालिका आली: लहानपणी सहा मित्रमैत्रिणी, त्यांतली मेन्मा अपघातात गेली, बाकीचे पांगले आणि काही वर्षांनी ती त्यांच्यातल्या एकाला दिसू लागली. शेवटच्या गाण्यासाठी निवडले ते ‘सीक्रेट बेस’च, बरोबर दहा वर्षांनी. ‘झोन’ही त्या ऑगस्टात काही काळ पुन्हा एकत्र आला.

नव्या आवृत्तीत ते गायले आहे मालिकेतल्या तीन मुलींना आवाज देणाऱ्या अभिनेत्रींनी: आई कायानो, हारुका तोमात्सु आणि साओरी हायामी. त्यांतल्या कायानो म्हणजे मेन्मा. म्हणजे पुन्हा भेटीची आशा ज्या तीन गळ्यांतून येते, त्यांतला एक गळा गेलेल्या मुलीचा आहे. मूळ गाण्यात ही गोष्ट नव्हती, शब्द मात्र तेच आहेत. शिवाय भागाचा शेवटचा प्रसंग अजून चालू असतानाच गाण्याची सुरुवात त्याच्याखाली हळूच शिरते. ही युक्ती जुनी; 1987 च्या ‘सिटी हंटर’ने ती लोकप्रिय केली, तीही चांगल्या दणक्याच्या गाण्यावर. पण हळव्या गाण्यात तिचा परिणाम वेगळा होतो: कथा कुठे थांबली आणि गाणे कुठे लागले, याची शिवण दिसत नाही. इथे साबीही वाट पाहायला लावत नाही. गाणे तिच्यापासूनच सुरू होते, जवळजवळ आपल्या मुखड्यासारखे.

टीकाकार याला अश्रूंचा कारखाना म्हणतील. काही मालिकांच्या बाबतीत ते खरेही आहे; पियानो वाजू लागला की पात्र मरणार, हे आता मुलेही ओळखतात. खातरजमा करायचीच असेल, तर ‘सीक्रेट बेस’ची 2001 आणि 2011 ची दोन्ही ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकावीत. पहिल्यात गाणाऱ्या मुलींच्या पुढे दहा वर्षे आहेत. दुसऱ्यात ती दहा वर्षे मागे पडलेली आहेत.