बिलाच्या यंत्रामागील ॲप

दुकानाच्या काउंटरवर जे दिसते त्याला व्यवहारात सरसकट बिलिंग मशीन म्हटले जात असले, तरी ते वस्तुतः एक यंत्र नसून बारकोड स्कॅनर, वजनकाटा, पावतीचा प्रिंटर, पैशांचा गल्ला आणि कार्ड मशीन अशा वेगवेगळ्या कारखान्यांत तयार झालेल्या उपकरणांचा संच असतो, आणि या उपकरणांचा आपसांत फारसा संबंध नसल्याने त्यांच्यातील सारा व्यवहार ॲपला सांभाळावा लागतो. अमेरिकेतील ओहायो राज्यात डेटन येथे जेम्स रिटी या मद्यगृहाच्या मालकाने नोकरांच्या हातचलाखीला आळा घालण्यासाठी १८७९ मध्ये जे यंत्र बनवले, त्यातून पुढे नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीची यंत्रे विकसित झाली. त्यांत कळ दाबली की आतल्या दांड्या हलून आकडा वर येई, घंटा वाजे आणि खण उघडे, म्हणजे आज्ञा आणि क्रिया यांच्यात लोखंडाचाच सांधा होता. आजच्या संचात हा सांधा उरलेला नाही. ॲप आज्ञा पाठवते, पण ती अमलात आली की नाही याची चौकशी त्याला निराळी करावी लागते, आणि या क्षेत्रातील बहुतेक कौशल्य बिलाच्या बेरजेत नसून या चौकशीत खर्च होते.

स्कॅनर आणि वजनकाटा ही त्यातल्या त्यात सोपी उपकरणे होत. बहुतेक स्कॅनर संगणकाला कीबोर्ड असल्याचेच भासवतात, म्हणजे बारकोडमधील अंक टंकलेल्या अक्षरांसारखे पाठवून शेवटी एंटरची कळ दाबल्याचा संकेत देतात. त्यामुळे कर्सर चुकून ‘नग’ या रकान्यात असेल तर ८९० ने सुरू होणारा तेरा अंकी क्रमांक वस्तूंची संख्या म्हणून नोंदला जातो. माणसाच्या बोटांना न साधणाऱ्या वेगाने अंक आले तर ते स्कॅनरचे समजावेत, ही युक्ती त्यावर वापरली जाते. वजनकाट्याच्या बाबतीत आकडा स्थिर झाल्याची खूण आल्याशिवाय वजन स्वीकारायचे नाही, एवढे पथ्य पाळले की बरेचसे काम भागते.

खरा विस्तार प्रिंटरचा आहे. जपानच्या एप्सन कंपनीने आपल्या पावती-प्रिंटरांसाठी ठरवलेली ईएससी-पॉस नावाची आज्ञावली इतर असंख्य उत्पादकांनी उचलली, म्हणून ती या धंद्याची बोलीभाषाच ठरली आहे. तीत प्रत्येक आज्ञा म्हणजे काही संख्यांचा क्रम असतो : २७ आणि ६४ पाठवले की प्रिंटर पूर्वस्थितीवर येतो, तर २९ आणि ८६ ने सुरू होणारी आज्ञा कागद कापते. गल्लाही बहुधा प्रिंटरलाच वायरने जोडलेला असतो आणि २७ व ११२ ने सुरू होणाऱ्या आज्ञेवर प्रिंटर त्याला विजेचा धक्का देऊन उघडतो, म्हणून प्रिंटर बंद पडला की रोख पैशांचा खणही ॲपच्या हातून जातो. ८० मिलिमीटर रुंदीच्या रोलवर सामान्यतः एका ओळीत ५७६ ठिपके, म्हणजे नेहमीच्या टंकात ४८ अक्षरे बसतात; ५८ मिलिमीटरच्या रोलवर ३८४ ठिपके आणि ३२ अक्षरे. एका रोलसाठी आखलेले बिल दुसऱ्यावर विस्कटते ते यामुळे.

मराठी पावतीचा प्रश्न याहून बिकट आहे. हे प्रिंटर एका संकेतांकाला एक चौकट आणि चौकटीत एक अक्षर या हिशोबाने घडवलेले असतात, तर देवनागरीत ‘किलो’ लिहिताना वेलांटी साठवली जाते ‘क’नंतर आणि दिसते त्याच्या आधी, जोडाक्षरांची गत आणखीच अवघड. म्हणून ॲप संपूर्ण ओळ आधी स्वतः चित्र म्हणून रेखाटते आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात प्रिंटरकडे धाडते. ४८ अक्षरांची जी रोमन ओळ ४८ बाइटांत भागते, तीच २४ ठिपके उंचीचे चित्र म्हणून पाठवायची तर १,७२८ बाइट लागतात, म्हणजे छत्तीस पट, आणि ब्लूटूथने जोडलेल्या स्वस्त प्रिंटरची स्मृती मध्येच भरू नये म्हणून चित्राच्या पट्ट्या करून थांबत थांबत पाठवाव्या लागतात. रुपयाचे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारले गेले, साहजिकच त्याआधीच्या अक्षरसंचांत ते सापडत नाही. महाराष्ट्रातील दुकानांची बिले इंग्रजीत निघण्यामागे उदासीनता असेलही, पण छपाईची ही किंमतही त्यामागील एक कारण मानले पाहिजे.

उपकरणांची ही विविधता एका छत्राखाली आणण्याचा प्रयत्न १९९० च्या दशकात झाला. मायक्रोसॉफ्ट, एप्सन, एनसीआर आणि फुजित्सु-आयसीएल यांनी विंडोजसाठी ओपॉस हे मानक मांडले, त्यापाठोपाठ जावापॉस आले आणि पुढे दोहोंचा समान पाया युनिफाइडपॉस या नावाने निश्चित झाला. त्यातील मोलाची गोष्ट अशी की कागद कापता येतो का, कागद संपत आल्याचे कळते का, हे ॲपने गृहीत न धरता उपकरणाला विचारावे अशी सोय त्यात ठेवली आहे. मात्र सनमी, पॅक्स यांसारख्या उत्पादकांची पडदा आणि प्रिंटर एकत्र असलेली अँड्रॉइड यंत्रे आल्यावर प्रत्येक उत्पादकाची स्वतंत्र सॉफ्टवेअर-जोडणी पुन्हा प्रचारात आली, आणि मानकाने मिटवलेले भेद नव्याने उभे राहिले. शहाणा विकासक अशा वेळी विक्रीचा हिशोब आणि उपकरणाशी होणारा संवाद यांच्यात स्वतःचा एक थर बांधतो. तो थर भेद झाकण्यासाठी नव्हे, तर नीट नोंदवण्यासाठी असावा.

आज्ञा आणि क्रिया यांतील अंतर खऱ्या अर्थाने महाग पडते ते पैशांच्या बाबतीत. १६ आणि ४ ने सुरू होणाऱ्या आज्ञेने प्रिंटरला कागद आहे का, झाकण उघडे आहे का, हे विचारता येते, परंतु कागद असल्याच्या उत्तरावरून बिल छापले गेल्याचे सिद्ध होत नाही. म्हणून विक्रीची नोंद आधी जतन करून छपाई हे वेगळे काम मानतात आणि पुन्हा काढलेल्या पावतीवर ‘दुसरी प्रत’ असे छापतात. कार्ड मशीनमध्ये ग्राहकाचा पिन सुरक्षित भागातच सांकेतिक रूपात बदलतो आणि यंत्र उघडण्याचा प्रयत्न झाल्यास आतील गुप्त किल्ल्या आपोआप पुसल्या जातात, त्यामुळे बिलाच्या ॲपला पिन कधीच दिसत नाही. ते फक्त रक्कम देते आणि निकालाची वाट पाहते. निकाल येण्यापूर्वी जोडणी तुटली तर व्यवहार यशस्वीही धरता येत नाही आणि अयशस्वीही. नवशिके ॲप अशा वेळी रक्कम पुन्हा पाठवते आणि ग्राहकाच्या खात्यातून दोनदा पैसे जाण्याचा धोका ओढवून घेते. अनुभवी ॲपमध्ये मात्र ‘अनिश्चित’ अशी तिसरी अवस्था असते, आणि मूळ व्यवहाराचा क्रमांक देऊन पेमेंट कंपनीच्या सर्व्हरकडून खुलासा मिळेपर्यंत ते बिल त्याच अवस्थेत अडवून ठेवले जाते, मग रांग कितीही लांबो.