चित्रपटांच्या प्रती व त्यांचें जतन : बर्कली येथील विद्यापीठीय संग्रह

जुनीं कागदपत्रें जमविणारांस अनुभवानें ठाऊक असतें कीं, केवळ मजकुराच्या थोरवीनें पोथी टिकत नाहीं. कोणी तरी ती रुमालांत बांधून कोरड्या जागीं ठेविली म्हणून ती टिकते. हा नियम चलच्चित्रांस अधिक कठोरपणें लागू पडतो. विसाव्या शतकाच्या इतिहासाचें चित्रपट हें एक मोठें साधन होय. परंतु ज्या फितीवर तो उमटलेला असतो ती फीत आपल्या हातकागदापेक्षां फार अल्पायुषी आहे. अशा फिती कोणीं जतन कराव्या, कशा तपासाव्या व त्यांच्या प्रतींचा परस्परसंबंध कसा लावावा, हे प्रश्न पोथ्यांच्या अभ्यासकांस परके नाहींत. कॅलिफोर्निया विद्यापीठाचें बर्कली येथील कलासंग्रहालय व पॅसिफिक फिल्म आर्काइव्ह ही जोडसंस्था या दृष्टीनें अभ्यासण्यासारखी आहे. तिच्या निमित्तानें या विषयाचा थोडक्यांत परिचय करून देण्याचें येथें योजिलें आहे.

संस्थेचा उगम एका चित्रकाराच्या कृतज्ञतेंत आहे. हान्स हॉफमन या जर्मन चित्रकारास १९३० सालीं बर्कली येथें उन्हाळी वर्ग शिकविण्यास पाचारण करण्यांत आलें, व पुढील वर्षींही तो तेथें गेला. नंतर तो अमेरिकेंतच स्थायिक झाला. या उपकाराची आठवण ठेवून त्यानें १९६३ सालीं आपलीं सुमारें ४५ चित्रें व अडीच लक्ष डॉलर विद्यापीठास दिले. तोंपर्यंत विद्यापीठाजवळ जुन्या शक्तिगृहांत थाटलेलें एक लहानसें चित्रदालन काय तें होतें. हॉफमनच्या देणगीमुळें स्वतंत्र संग्रहालयाची स्थापना झाली, आणि मारिओ चँपी या स्थपतीच्या आराखड्याप्रमाणें बांधलेली, पंख्यासारखी पसरलेली कॉंक्रीटची इमारत १९७० सालीं खुली झाली. आज येथील कलावस्तूंची संख्या २०,००० हून अधिक आहे. जीन व फ्रान्सिस मार्शल यांनीं जमविलेल्या भारतीय लघुचित्रांचा संग्रहही त्यांत आहे.

चित्रपटांचें दप्तर याच छताखालीं १९७१ सालीं सुरू झालें. शेल्डन रेनन हा त्याचा प्रवर्तक. पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेज या संस्थेचा एक संस्थापक आंरी लांग्ल्वा याचा आदर्श त्याच्यापुढें होता. लांग्ल्वाचें मत असें कीं, कोणता चित्रपट थोर व कोणता क्षुद्र हा निवाडा संग्राहकानें करूं नये; हातीं येईल तें आधीं वांचवावें. बखरीबरोबर किराणा-हिशेबाची यादीही ठेवणारा संशोधक याहून निराळें काय करितो? या धोरणाचें फळ म्हणजे चित्रपट व दृश्यफिती मिळून १७,००० हून अधिक कृतींचा संग्रह होय. जपानबाहेरील जपानी चित्रपटांच्या मोठ्या संग्रहांत याची गणना होते. पश्चिम किनाऱ्यावरील प्रयोगशील चित्रकारांच्या, व्यापारी चित्रगृहांत कधींही न लागलेल्या फितीही येथें रक्षिल्या आहेत.

आतां फितीच्या द्रव्याकडे वळूं. आरंभापासून सुमारें १९५१ पर्यंत चित्रगृहांत दाखविल्या जाणाऱ्या फिती सेल्युलोज नायट्रेटच्या असत. हें द्रव्य झटकन् पेटतें, आणि जळतांना स्वतःच प्राणवायु पुरवीत असल्यामुळें पाण्यांतही विझत नाहीं. न पेटलें तरी तें हळूहळू कुजतें : प्रथम चित्र फिकें होतें, मग फीत चिकट होते, शेवटीं डब्यांत तपकिरी भुकटी उरते. नायट्रेटच्या जागीं आलेल्या ॲसिटेट फितीस आगीचें भय नाहीं, परंतु ती कुजूं लागली म्हणजे शिरक्यासारखा आंबट वास सुटतो, फीत आखडते, व तिच्या आम्ल वाफेनें शेजारचीं रिळेंही बिघडतात. वाळवी लागलेला बंद वेगळा काढावा, तसें असें रीळ वेगळें काढावें लागतें. थंड व कोरडी हवा हा यावर मुख्य उपाय. त्यानें क्षय मंदावतो, थांबत नाहीं. म्हणून वेळींच नवी नक्कल करणें हें जतनाचें अटळ अंग आहे.

नक्कल म्हटली कीं वंशवृक्षाचा प्रश्न आलाच. चित्रण होतें तें मूळ निगेटिव्ह. तिजवरून छापलेल्या त्या पहिल्या पिढीच्या प्रती. प्रतीवरून पुन्हा निगेटिव्ह काढून छापलेल्या त्या पुढील पिढीच्या. प्रत्येक पिढींत बारकावे कमी होतात, आणि जुन्या प्रतीवरचे ओरखडे नव्या प्रतींत चित्राचाच भाग होऊन बसतात. या परीक्षेस एक उत्तम साधन आहे. ईस्टमन कोडॅक कंपनी १९१६ पासून आपल्या फितींच्या कडेस वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा छापूं लागली. त्यांवरून कोरी फीत कोणत्या सालीं तयार झाली तें कळतें, जसें कागदांतील पाण्याच्या ठशावरून कागदाचें वय कळतें. मात्र दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. खुणांचा क्रम वीस वर्षांनीं पुन्हा येतो. सबब एकच खूण १९२२ ची किंवा १९४२ ची असूं शकते. दुसरें, निगेटिव्हच्या कडेची खूण प्रतीवरही उमटते. लेखनिक जुन्या पोथीची पुष्पिका शकासह जशीच्या तशी उतरवितो व वाचणारा तोच नकलेचा शक समजतो, तसा घोटाळा येथें होतो. शिवाय खूण सिद्ध करिते ती इतकीच गोष्ट कीं, फीत त्या सालापूर्वींची नव्हे.

हा विचार आपल्याकडे किती निकडीचा आहे, तें दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटावरून दिसेल. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत तो लागला. मूळ चार रिळांपैकीं पहिलें व शेवटचें अशीं दोनच म्हणून जतन झालीं आहेत. परंतु फाळके यांनीं १९१७ सालीं तीच कथा पुन्हा चित्रित केली होती, आणि उपलब्ध भाग या दुसऱ्या चित्रपटाचा असावा असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. अशा वादांत मूळ नायट्रेट फितीची कड, सांधे व छिद्रांचा आकार हाच अस्सल पुरावा ठरतो. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यास १९६४ सालीं स्थापन झालें. त्याच्याकडील नायट्रेट फितींचा मोठा सांठा जानेवारी २००३ मधील आगींत जळाला. नकलेंत कथा उरते, पण कडेचा पुरावा पुष्कळदां उरत नाहीं.

बर्कलीसही दैवी आपत्तीचें भय होतेंच. विद्यापीठ भूकंपाच्या पट्ट्यांत असून, १९९७ च्या तपासणींत १९७० ची इमारत असुरक्षित ठरली. २००१ सालीं तिला पोलादी आधार दिले, डिसेंबर २०१४ मध्यें ती सोडली, व ३१ जानेवारी २०१६ रोजीं नवें स्थान खुलें झालें. हें नवें स्थान म्हणजे विद्यापीठाचा १९३९ चा जुना छापखाना. डिलर, स्कोफिडिओ व रेन्फ्रो या स्थपतींनीं त्याला जोडइमारत देऊन रूपांतरित केलें. २६ जून १९४५ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें ज्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सह्या झाल्या, तिच्या प्रती याच छापखान्यांत छापल्या होत्या. हिंदुस्थानच्या वतीनें तीवर रामस्वामी मुदलियार यांची सही आहे.

शेवटची गोष्ट संग्राहकांच्या विशेष उपयोगाची. बर्कली येथें फितींबरोबर जाहिराती, परीक्षणें, कार्यक्रमपत्रिका व कात्रणें यांचेंही दप्तर असून, सिनेफाइल्स या नांवानें त्यांच्या छायाप्रती अभ्यासकांस पाहतां येतात. जेथें फीत नष्ट झाली तेथें असे चिटोरेच साक्षीदार उरतात. सबब जुन्या दप्तरांत चित्रपटाचें पत्रक किंवा रीळ सांपडल्यास तें क्षुल्लक समजूं नये. डब्यावरील चिठ्ठी काढूं नये, कड कापूं नये, वास आला म्हणून फीत फेंकूं नये. डबा दिव्यापासून व चुलीपासून दूर ठेवून जाणत्याच्या हवालीं करावा. पोथीचें शेवटचें पान हरवल्यानें तिचा काळ हरवतो, हें ज्यांनीं भोगलें आहे त्यांस याहून अधिक सांगण्याचें प्रयोजन नाहीं.