खुर्चीतले दुखणे घटले, उशिराचे तसेच

छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालयाच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. १९८२ मध्ये सुरू झालेल्या या महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात शहरातले लोक येतात तसे कन्नड, सिल्लोड, पैठण, गंगापूरकडचेही येतात. कोणाचा गाल सुजलेला असतो, कोणी रुमालाने जबडा धरून बसलेले असते. खुर्चीत बसताना जवळजवळ प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो: ‘डॉक्टर, दुखणार तर नाही ना?’ जालना रोडपासून सिडको-हडकोपर्यंतच्या खासगी दवाखान्यांच्या पाट्यांवर या प्रश्नाचे उत्तर आधीच लिहिलेले आहे. कुठे ‘वेदनारहित उपचार’, कुठे ‘लेझर’, कुठे ‘एका बैठकीत रूट कॅनाल’. पाटी खरी किती आणि जाहिरात किती, हे समजून घ्यायचे तर आधी दाढ का दुखते ते पाहावे लागते.

दाताचे बाहेरचे आवरण शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे आणि त्यात नसा नसतात. म्हणून कीड लागण्याची सुरुवात कळतच नाही. कीड खालच्या थरात उतरली की थंड-गोड झोंबू लागते. त्याच्याही आत दाताचा मगज असतो. तिथे रक्तवाहिन्या आणि नसा एका बंद, कडक पोकळीत दाटीने बसलेल्या असतात. हाताला सूज आली तर कातडी ताणली जाते आणि सुजेला जागा मिळते. दातात ती सोय नाही. सूज आली की आतला दाब वाढतो आणि नस चेपली जाते. रात्री आडवे झाल्यावर डोक्याकडचा रक्तप्रवाह वाढतो, म्हणून दिवसभर कशीबशी सहन झालेली दाढ रात्री दोन वाजता माणसाला उठून बसवते.

मग घरगुती उपाय सुरू होतात. लवंगेच्या तेलातले युजेनॉल खरोखर थोडा वेळ बधिरपणा आणते, तेव्हा आजीचा उपाय अगदी खोटा नव्हे. मात्र कीड त्याने थांबत नाही. दुखणाऱ्या हिरडीवर वेदनाशामक गोळी कुटून दाबणे मात्र वाईटच. ॲस्पिरिनने हिरडी भाजते आणि एका दुखण्याची दोन होतात. ग्रामीण मराठवाड्यात आणखी एक उपाय चालतो, मिश्रीचा. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दाढेला लावली की थोडे बरे वाटते, आणि दुखणे गेल्यावरही मिश्री तोंडात राहते ती कायमची.

आता भुलीकडे येऊ. दातांच्या उपचारातले दुखणे सगळ्यात जास्त कमी केले ते कोणत्या यंत्राने नव्हे, भुलेच्या औषधाने. त्या इतिहासाचा एक धागा इथल्या जुन्या राजवटीशीही जुळतो. एकोणिसाव्या शतकात दात काढण्यासाठी सर्रास क्लोरोफॉर्म हुंगवत असत. रुग्ण बसलेला, भूल हलकी आणि काम दोन मिनिटांचे. इतक्या किरकोळ कामात धडधाकट माणसे खुर्चीतच दगावत, आणि ती का दगावतात यावर डॉक्टरांत कडाक्याचा वाद होता. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांनी निजाम सरकारच्या पैशावर १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग भरवले. दुसऱ्या आयोगासाठी लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने लॉडर ब्रंटन यांना हैदराबादेत धाडले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष असा निघाला की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. तेव्हा भूल देणाऱ्याने नाडी नव्हे, श्वास पाहावा. निष्कर्ष ठाम होता, पण अपुरा होता. १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी दाखवून दिले की हलक्या भुलीत क्लोरोफॉर्म हृदयाची लय बिघडवून ते एकाएकी बंद पाडू शकतो. दाताच्या खुर्चीत नेमकी हलकीच भूल दिली जात असे.

तोवर दुसरी वाट सापडली होती. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर केला. लगोलग न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड यांनी जबड्याच्या नसेजवळ कोकेन टोचून खालचा जबडाच सुन्न करून दाखवला. माणूस जागा, बोलता आणि दाढ मात्र मेल्यासारखी. याची किंमत मोठी होती. स्वतःवर प्रयोग करता करता हॉलस्टेड कोकेनच्या आहारी गेले. १९०५ च्या सुमारास आल्फ्रेड आइनहॉर्न यांचे प्रोकेन आले. ते व्यसन लावणारे नव्हते, पण त्याचा असर लवकर ओसरे आणि काहींना त्याची ॲलर्जी होई. १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लॉफग्रेन यांनी लिडोकेन बनवले. आपल्याकडे त्यालाच लिग्नोकेन म्हणतात. आजही घाटीत काय किंवा वातानुकूलित खासगी दवाखान्यात काय, बहुतेक रुग्णांच्या हिरडीत जाते ते हेच औषध. म्हणजे ‘आधुनिक’ दंतोपचाराचा मुख्य आधार ऐंशी वर्षांहून जुना आहे आणि तो अजिबात महाग नाही.

त्यात बहुधा किंचित ॲड्रिनलिन मिसळलेले असते. त्याने भूल जास्त वेळ टिकते आणि रक्त कमी जाते. कधीकधी दोन-चार मिनिटे छातीत धडधडते. पुष्कळ जण त्यालाच ‘रिॲक्शन’ समजतात आणि पुन्हा इंजेक्शन घ्यायला घाबरतात. रक्तदाब, हृदयविकार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह यांतले काहीही असेल तर ते सुईआधी सांगायला हवे. आणि रिकाम्या पोटी जाऊ नये. साध्या भुलीसाठी उपाशी राहण्याची गरज नसते. उलट भीती आणि उपास एकत्र आले की घेरी येते.

सुईचे काय? आधी हिरडीवर बधिर करणारी जेल लावतात. सुया आता केसाइतक्या नव्हे, पण पूर्वीपेक्षा पुष्कळ बारीक आहेत. त्यातही जे दुखते ते टोचणे कमी आणि औषध जोरात ढकलल्याने पेशींवर येणारा ताण जास्त. हळू इंजेक्शन देणारा हात म्हणून महत्त्वाचा ठरतो. संगणकाच्या मदतीने थेंब-थेंब औषध सोडणारी यंत्रे आली आहेत, पण घाई नसलेला डॉक्टर तेच काम साध्या सिरिंजने करतो. पाटीवर हे लिहिता येत नाही, एवढेच.

यंत्रांनी काही दिले नाही असे मात्र नाही. १८७१ मध्ये अमेरिकेत जेम्स मॉरिसन यांनी पायाने चालवायचे दात कोरण्याचे यंत्र काढले. शिलाई मशीनच्या पायट्यासारखा त्याला पायटा होता. पुढे विजेची, पट्ट्यावर फिरणारी यंत्रे आली. त्यांची घरघर थेट कवटीत जाई. वेग कमी, म्हणून दाब जास्त, म्हणून उष्णता जास्त. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्यांच्या मनात दातांच्या दवाखान्याची जी धास्ती आहे, तिचे मूळ पुष्कळदा या घरघरीत असते. १९५७ मध्ये जॉन बॉर्डन यांचा हवेच्या दाबावर फिरणारा एअरोटर बाजारात आला. मिनिटाला तीन लाखांच्या आसपास फेरे आणि सोबत पाण्याचा फवारा. दाब जवळपास लागतच नाही. गंमत अशी की दुखणे कमी करणाऱ्या या यंत्राचा किंचाळण्यासारखा आवाजच आज भीतीचे मोठे कारण बनला आहे. बाहेर बाकावर बसलेल्याला आत काय चालले आहे ते दिसत नाही, फक्त ऐकू येते.

रूट कॅनालमध्ये बदल जास्त ठळक आहे. दाताच्या मुळातल्या वाटा वाकड्यातिकड्या असतात. पूर्वी त्या पोलादी फायलींनी हाताने साफ करत. चार-पाच खेपा, दर खेपेला तासभर आ वासून बसणे. निकेल-टायटॅनियमच्या लवचीक फायली यंत्राला लावल्या की वळणाबरोबर वळतात. मूळ कुठे संपते हे सांगणारे विजेवरचे उपकरण आणि क्षणात पडद्यावर दिसणारा डिजिटल एक्स-रे यांमुळे काम एक-दोन बैठकींत उरकते. मात्र एका बैठकीत केलेले रूट कॅनाल अधिक टिकते असे नाही. दातात पू असेल तर डॉक्टर मुद्दाम मध्ये औषध ठेवून थांबतात, आणि ते जुनाट पद्धतीचे लक्षण नव्हे. लेझरचेही तसेच. हिरडीच्या कामात ते छान चालते, पण किडलेल्या दाढेची नस काढायची तर सुई टळत नाही.

मग इतके सगळे असूनही ‘मला फार दुखलं’ असे सांगणारे लोक भेटतात, त्यांचे काय? ते खोटे बोलत नसतात. लिग्नोकेनला नसेच्या आत शिरावे लागते, आणि त्यासाठी त्याचे रेणू विद्युतभाररहित असावे लागतात. पू झालेल्या, सुजलेल्या जागी आम्लता वाढलेली असते. तिथे बहुतेक रेणू भारित होतात आणि नसेच्या आवरणाबाहेरच अडकतात. शिवाय दुखून दुखून नसही हळवी झालेली असते. ओठ सुन्न होतो आणि दाढ मात्र ठणकतच राहते. डॉक्टर दुसऱ्या जागी टोचतात, कधी थेट मगजात औषध सोडतात, कधी आधी सूज उतरवून पुढची तारीख देतात. दवाखाना तोच, औषध तेच, हातही तोच. फरक असतो तो रुग्ण कधी आला याचा.

आणि लोक उशिरा का येतात याचे एक फसवे कारण दाढेतच आहे. मगज सडून नस मेली की ठणका एके दिवशी आपोआप थांबतो. घरात सुटकेचा निःश्वास पडतो. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरत असतात. काही महिन्यांनी गाल सुजतो. सूज हनुवटीखाली, गळ्याकडे पसरली, गिळता येईना, तोंड उघडेना, ताप चढला तर ती दातदुखी राहत नाही. श्वासाची वाट बंद होऊ शकते. अशा वेळी गोळी घेऊन सकाळची वाट न पाहता थेट मोठे रुग्णालय गाठावे लागते.

उशिराचे दुसरे कारण पैशाचे. दाखल व्हावे न लागणाऱ्या नेहमीच्या दंतोपचाराचा खर्च बहुतेक आरोग्य विमा देत नाहीत. रूट कॅनाल आणि वरची कॅप मिळून जो आकडा खासगीत ऐकायला मिळतो, तो रोजंदारीवरच्या घराला झेपत नाही. ‘काढूनच टाका’ हे वाक्य पुष्कळदा दाढेकडे नव्हे, खिशाकडे पाहून उच्चारलेले असते. १९६५ मध्ये स्वीडनमध्ये ब्रॉनेमार्क यांनी माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. ते तंत्र आज संभाजीनगरात सहज मिळते, पण काढून टाकलेल्या दाढेच्या जागी ते बसवून घेणारा माणूस बहुधा वेगळा असतो. वरचे दात काढले की नजर कमी होते, ही समजूतही अनेकांना थांबवते. डोळ्याची नस आणि दाताची नस वेगवेगळ्या आहेत. दात काढल्याने दिसणे कमी होत नाही.

आणि काही तोंडे तर उघडतच नाहीत. सुपारी आणि गुटख्याने गालाची आतली त्वचा घट्ट, पांढरट होत जाते. एरवी उभी तीन बोटे सहज मावतील एवढे तोंड उघडते. या रुग्णांत एक बोटही मुश्किलीने जाते. हा आजार पुढे कर्करोगाकडे वळू शकतो. पण त्याआधीच्या वर्षांत रोजची अडचण साधी असते: अक्कलदाढेपर्यंत सुई पोहोचत नाही, एअरोटरचे तोंड आत मावत नाही. राज्यात गुटख्यावर बंदी येऊन २०१२ पासून इतकी वर्षे झाली, तरी पुड्या मिळतातच.

लहान मुलांसाठी मात्र खरी नवी गोष्ट घडली आहे, आणि ती यंत्राशिवाय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइडची टूथपेस्ट, ग्लास आयोनोमर सिमेंट आणि सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड यांचा समावेश केला. हे शेवटचे औषध म्हणजे एक द्रव. किडलेल्या दुधाच्या दाताला तो बारीक ब्रशने लावतात. सुई नाही, कोरणे नाही, काम मिनिटाभराचे. चांदीने जंतू मरतात, फ्लोराइडने उरलेला दात कठीण होतो आणि पुष्कळ दातांत कीड तिथेच थांबते. काही महिन्यांनी पुन्हा लावावे लागते. किडलेला भाग कायमचा काळा पडतो, आणि हे डॉक्टरांनी आधीच सांगायला हवे. पुढच्या दातावर तो डाग आईबापांना नको असतो. मागच्या दाढेवरचा डाग मूल मोठ्याने हसले तरच दिसतो, आणि सहाव्या-सातव्या वर्षांपासून दुधाचे दात एकेक करून पडू लागतात.