जुन्या मोटारीच्या आठवणी आणि त्यांमागील विज्ञान

इंग्लंडमधील उन्हाळ्याचे दिवस. रविवारची सकाळ. गावाबाहेरच्या एखाद्या हिरवळीवर जुन्या मोटारी एकामागून एक येऊन ओळीने उभ्या राहतात. मालक खाली उतरतात, बॉनेट उघडून ठेवतात आणि थर्मासमधला चहा पीत एकमेकांच्या गाड्यांभोवती घोळका करतात. जुन्या मोटारींच्या शौकिनांचे असे मेळावे तेथे दरवर्षी ठिकठिकाणी भरतात.

या मेळाव्यांत काय चालते? आठवणी निघतात. वडिलांची पहिली गाडी, समुद्रकाठची सहल, बर्फात अडकून काढलेली रात्र. पण थोडा वेळ कान देऊन ऐकले, तर या आठवणींत एक निराळाच प्रकार सापडतो. "हँडल मारताना अंगठा बाहेर ठेवायचा, असे वडील नेहमी सांगत." "टिकटिक थांबल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही." "ती पितळी टोपी उघडून आत थोडे तेल घालायला विसरायचे नाही." या नुसत्या आठवणी नव्हेत, ते यंत्र वापरण्याचे ज्ञान आहे. ते कोणत्याही शाळेत शिकवले गेले नाही. बापाकडून मुलाकडे, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे तोंडी चालत आले.

विद्यार्थी मित्रांनो, या प्रत्येक सूचनेमागे तुमच्या शाळेच्या पुस्तकातलाच एखादा नियम दडलेला आहे. तो शोधून काढण्यासाठी आपण एकच गाडी घेऊ : मॉरिस मायनर.

दहा लाखांचा टप्पा

मॉरिस मायनर १९४८ साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. तिचा आराखडा ॲलेक इसिगोनिस या अभियंत्याचा. पुढे १९५९ साली जगप्रसिद्ध झालेली 'मिनी' ही गाडीही त्यानेच घडवली. सामान्य माणसाला परवडेल अशी मायनर इतकी खपली, की दहा लाखांचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली. १९७० च्या दशकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले, तोपर्यंत सुमारे सोळा लाख गाड्या तयार झाल्या होत्या.

तिच्या बॉनेटच्या मधोमध एक सपाट पट्टा दिसतो. त्याची गोष्ट मेळाव्यात हटकून सांगितली जाते. गाडीचा नमुना तयार झाला, पण इसिगोनिसला ती फार अरुंद वाटू लागली. त्याने नमुना उभा कापायला लावला आणि दोन अर्धे हळूहळू दूर सारून पाहिले. चार इंच, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर अंतर पडले, तेव्हा त्याचे समाधान झाले. पुढचे-मागचे बंपर मात्र आधीच्या मापाने तयार झाले होते. तेही मधोमध कापून जोडपट्टी घालावी लागली! बदल केला तो डोळ्यांना बरे दिसावे म्हणून, पण त्याचा फायदा रस्त्यावरही झाला. पायाचा विस्तार वाढला आणि गुरुत्वमध्याची उंची तेवढीच राहिली, की वस्तू अधिक स्थिर होते. वळणावर मायनर अंगात आल्यासारखी डोलत नाही, याचे एक कारण हे आहे.

टिकटिक कसली?

मायनरची किल्ली फिरवली, की बॉनेटखालून टिक-टिक-टिक असा आवाज येतो. तो हळूहळू मंदावतो आणि थांबतो. हा विजेवर चालणारा पेट्रोलपंप. तुम्ही प्रयोगशाळेत विजेची घंटा पाहिली असेल, तर हा पंप तुम्हाला जवळजवळ कळलाच म्हणून समजा.

पंपात एक लवचिक पडदा असतो. विद्युतचुंबक त्याला ओढतो, तेव्हा पडद्यासमोरच्या पोकळीतील दाब कमी होतो आणि टाकीवरील हवेचा दाब पेट्रोलला नळीतून पंपात ढकलतो. पडदा पुरेसा ओढला गेला, की विजेचे संपर्कबिंदू सुटतात, प्रवाह तुटतो आणि चुंबकत्व जाते. मग स्प्रिंग पडद्याला परत ढकलते व पेट्रोल कार्बुरेटरकडे जाते. पडदा जागेवर येताच संपर्क पुन्हा जुळतो आणि पुन्हा 'टिक' होते.

कार्बुरेटरचा कप्पा भरला, की त्यातील तरंगता डबा वर उचलला जातो आणि पेट्रोलची वाट बंद करतो. आता स्प्रिंगने कितीही जोर केला तरी पेट्रोल पुढे सरकत नाही. पडदा अडून राहतो, संपर्क सुटलेलाच राहतो आणि टिकटिक थांबते. म्हणजे शांतता हा 'पेट्रोल पोहोचले' असा निरोप आहे. टिकटिक थांबतच नसेल, तर टाकी रिकामी असेल किंवा पेट्रोल कोठेतरी गळत असेल. आणि मुळात ती सुरूच झाली नाही तर? अशा वेळी जुने मालक पंपाला हलकेच एक टपली मारतात. ही जादू नव्हे. प्रत्येक वेळी प्रवाह तुटताना बारीक ठिणगी उडते; तिने संपर्कबिंदू काळवंडतात आणि त्यांतून वीज नीट जात नाही. टपलीच्या धक्क्याने बिंदू थोडे सरकून पुन्हा जुळतात. मात्र हा तात्पुरता उपाय झाला. खरा उपाय बिंदू साफ करणे हाच.

अंगठा बाहेर का?

थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. त्याच वेळी इंजिनातील तेल घट्ट झालेले असते. म्हणजे इंजिन फिरवायला जोर जास्त हवा आणि बॅटरीकडे तो कमी! म्हणून गाडीच्या तोंडाशी लोखंडी हँडल घालून ते हाताने फिरवण्याची सोय होती. आपल्याकडील जुन्या जीप, ट्रक आणि ॲम्बॅसडर गाड्यांनाही लोक असेच 'हँडल मारीत'.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या वर येऊन हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दाबतो. मग ठिणगी पडते आणि जळणाऱ्या वायूंचा दाब दट्ट्याला खाली ढकलतो. मिश्रण जळायला थोडा वेळ लागतो, म्हणून धावत्या इंजिनात दट्ट्या अगदी वर पोहोचण्याच्या किंचित आधीच ठिणगी पाडतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला १/५० सेकंद लागतो. एवढ्या घाईत ठिणगी थोडी आधी पडलेलीच बरी. पण हाताने फिरवलेले इंजिन फार सावकाश फिरते. ठिणगीची वेळ थोडी जरी पुढे लागली असेल, तर दट्ट्या वर येण्यापूर्वीच वायूंचा दाब वाढतो आणि त्याला उलट दिशेने हाणतो. हँडल जोराचा उलटा झटका देते.

मुठीत हँडल पक्के धरून अंगठा त्याभोवती गुंडाळला असेल, तर या झटक्याने अंगठा किंवा मनगट मोडते. अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल खालून वर ओढले, तर झटका येताच बोटे उघडतात आणि हँडल हातातून निसटते. वडील सांगत तो नियम किती शहाणपणाचा होता, हे आता लक्षात येईल.

टोपीखालचे तेल

पेट्रोल नीट जळण्यासाठी हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण सुमारे १५ : १ असावे लागते. गाडी चढावर असो की उतारावर, हे प्रमाण फारसे बिघडता कामा नये. स्किनर नावाच्या बंधूंनी विसाव्या शतकाच्या आरंभी यावर काढलेली युक्ती मायनरच्या एस. यू. कार्बुरेटरमध्ये आहे.

हवेच्या वाटेत एक लहान दट्ट्या वरून खाली लोंबतो. त्याला खाली एक निमुळती सुई जोडलेली असते आणि ती पेट्रोलच्या तोटीत बसते. दट्ट्याच्या वरची पोकळी इंजिनाच्या ओढीशी जोडलेली असते. चालकाने पायाने वेग वाढवला, की त्या पोकळीतील दाब घटतो, खालचा दाब दट्ट्याला वर उचलतो आणि हवेची वाट रुंद होते. त्याबरोबरच निमुळती सुईही वर जाते. तिच्याभोवतीची फट मोठी होऊन पेट्रोलही अधिक येते. हवा वाढली की पेट्रोल वाढले!

पण वेग एकदम वाढवला तर? हवा हलकी, ती चटकन धावते. पेट्रोल जड, ते मागे राहते. इंजिन क्षणभर अडखळते. म्हणून दट्ट्याच्या मधल्या नळीत तेल भरलेले असते. दार हळू बंद करणाऱ्या यंत्राप्रमाणे हे तेल दट्ट्याला झटकन वर जाऊ देत नाही. त्या क्षणी अरुंद वाटेतून हवा अधिक जोराने धावते, तोटीवरील दाब आणखी घटतो आणि जास्तीचे पेट्रोल ओढले जाते. टोपी उघडून तेल घालायचे ते यासाठी.

थंडीत चोकची खुंटी ओढली, की हीच तोटी खाली सरकते आणि सुईभोवतीची फट वाढते. थंड पेट्रोलचा थोडाच भाग वाफेत बदलतो आणि जळते ती वाफच. तेव्हा मुळात पेट्रोलच अधिक द्यावे लागते. आपल्याकडे रॉकेलचा स्टोव्ह पेटवताना आधी काकडा लावून बर्नर तापवत, त्याचे कारणही असेच : रॉकेलची वाफ व्हायला हवी.

आठवण चुकते तेव्हा

पण जुन्या लोकांचे सगळेच म्हणणे खरे ठरते का? याची परीक्षा शिशाच्या निमित्ताने झाली.

१९२१ साली अमेरिकेत टॉमस मिज्ली याला असे आढळले, की शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये मिसळले तर मिश्रण अवेळी भडकून इंजिन ठोके मारीत नाही. त्यानंतर अनेक दशके जगभर असेच पेट्रोल वापरले गेले. त्याचा आणखी एक उपयोग झाला. मायनरच्या इंजिनात झडपा ज्या कड्यांवर टेकतात, त्या ओतीव लोखंडातच कोरलेल्या असतात. तापलेली झडप कड्यावर आपटली, की धातूचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात व उखडतात. शिशाच्या संयुगांचा पातळ थर मध्ये राहिला, की ही झीज टळे.

मात्र तेच शिसे धुरावाटे हवेत जात होते. शिसे विषारी आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते विशेष घातक आहे. म्हणून असे पेट्रोल बंद करण्यात आले : ब्रिटनमध्ये सर्वसाधारण विक्री १९९९ च्या अखेरीस थांबली, भारतात २००० साली. मोटारींसाठी ते विकणारा अखेरचा देश अल्जीरिया. तेथे ते २०२१ साली बंद झाले.

तेव्हा अनेक शौकिनांना वाटले, की आता जुन्या गाड्यांचा शेवट आला. "शिसे नसेल तर इंजिन जळेल" हेही बापाकडून मुलाकडे आलेलेच ज्ञान होते. पण काही जणांनी नुसते ऐकून न घेता मोजायला सुरुवात केली. मायनरमध्ये झडपेची दांडी आणि तिला दाबणारी तरफ यांत सुमारे ०.३ मिलिमीटर फट ठेवतात. कडा झिजला, की झडप आत रुतते, दांडी वर येते आणि फट कमी होते. पातळ पट्टीने ही फट ठरावीक अंतर धावल्यावर मोजून वहीत लिहिली, की झीज होत आहे की नाही, किती वेगाने होत आहे, हे कळते. सतत वेगाने, ओझे घेऊन धावणाऱ्या इंजिनाला झीज अधिक. रविवारी सावकाश फिरणाऱ्या गाडीला ती कमी, असे दिसून आले. ज्यांची फट घटत होती, त्यांनी कठीण पोलादाचे कडे बसवून घेतले. गाड्या चालत राहिल्या आणि मुलांच्या रक्तात जाणारे शिसेही थांबले.

यातून शिकायचे ते हे. अंगठ्याचा नियम आजही खरा आहे, कारण त्यामागचे कारण बदललेले नाही. शिशाची भीती अर्धीच खरी होती; भीतीचे कारण शोधले, मोजमाप केले, तेव्हा उपायही सापडला. आठवण आपल्याला कोठे पाहायचे ते सांगते. काय खरे ते मात्र पाहूनच ठरवावे लागते.

तुमच्या घरातही अशी एखादी आठवण असेल. शिलाईयंत्रात तेल कोठे व का घालत? सायकलची साखळी सैल का ठेवत? विहिरीवरच्या पंपात आधी पाणी का ओतत? आजी-आजोबांना विचारा, त्यांची सूचना वहीत उतरवून घ्या आणि तिच्यापुढे एक रकाना कोरा सोडा. त्याला नाव द्या : 'कारण'. तो रकाना वर्गात शिक्षकांच्या मदतीने भरा. सांगणारी माणसे आपल्यात आहेत तोवर हे काम केलेले बरे.