अमावस्येची रात्र, वांगणीचं आकाश 🌌

मुंबईत उजेडामुळे मोजकेच तारे दिसतात. मध्य रेल्वेवर बदलापूरच्या पुढचं स्टेशन वांगणी. 'खगोल मंडळ' ही मुंबईची हौशी आकाशप्रेमींची संस्था तिथे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम घेते. १९८५-८६ मध्ये आलेल्या हॅलेच्या धूमकेतूच्या काळात ती सुरू झाली.

कार्यक्रम अमावस्येच्या आसपास का? चांदणं नसलं की अंधुक तेजोमेघही दिसतात.

फेब्रुवारीत गेलात तर काय पाहाल?
🔭 संध्याकाळी वायव्येला देवयानी दीर्घिका. तिचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला!
🔭 डोक्यावर कृत्तिका. नुसत्या डोळ्यांनी सहा-सात तारे, दुर्बिणीतून कितीतरी.
🔭 मृगातला तेजोमेघ, अंतर साधारण १,३५० प्रकाशवर्षं. तिथे आजही तारे जन्मताहेत.
🔭 पहाटे आग्नेयेला वृश्चिकाचा बाक आणि तांबूस ज्येष्ठा.

आधीच सांगते, फोटोतले गुलाबी-जांभळे रंग दुर्बिणीत दिसत नाहीत. कॅमेरा बराच वेळ प्रकाश साठवतो, आपला डोळा नाही. तेजोमेघ म्हणजे राखाडी धुक्याचा पुंजका. तरीही तो बघताना अंगावर काटा येतोच.

सोबत काय न्याल? सतरंजी, स्वेटर, कानटोपी, पाणी. टॉर्चला लाल जिलेटिन लावा आणि मोबाइल खिशात ठेवा. डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात, स्क्रीनच्या एका झगमगाटात सगळं मुसळ केरात! पोरांना नक्की न्या. कोण कोण येतंय? 🙋‍♀️